ग्लव्हज घालून बघण्याआधी बँडेज बांधा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या बॉक्सिंगच्या हॉलवर नवी मुलं येतात. पहिले दोन आठवडे दोरी, पायांचं काम आणि आरशासमोर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), एवढंच चालतं. तिसऱ्या आठवड्यात कुणाची तरी आई किंवा बाबा मला बाजूला घेऊन विचारतात, "सर, किती औंसचे ग्लव्हज घेऊ?" मी उलट विचारतो, "हात मोजलाय का त्याचा?" यावर बहुतेक जण नुसते बघत राहतात.

चपलेचा नंबर पायाच्या मापावरून ठरतो, म्हणून ग्लव्हजवरचा आकडाही हाताच्या मापाचा असणार असं वाटणं साहजिक आहे. पण तो आकडा वजनाचा आहे. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. १० औंसचा ग्लव्ह साधारण २८३ ग्रॅमचा, १२चा ३४०, १४चा ३९७ आणि १६चा ४५४ ग्रॅमचा, म्हणजे एक पौंड. हे वजन एका ग्लव्हचं, जोडीचं नाही. आत हाताला जागा किती आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. एखाद्या कंपनीच्या १२ आणि १६ औंसमध्ये हाताची जागा जवळजवळ सारखीच असते, वरची गादी तेवढी जाड होते. दुसऱ्या कंपनीत गादीबरोबर आतली जागाही वाढते. मग बारीक चणीच्या मुलीला "जास्त सुरक्षित" म्हणून १६ औंसचे आणून दिले की तिचा पंजा आत खुळखुळतो, आणि आत हलणारा पंजा मोडतो.

हे मी स्वतःच्या हाडावर शिकलो. १९ वर्षांचा होतो, हॉलमधले सामाईक ग्लव्हज वापरायचो. मोठे, आतून झिजलेले, पट्टा सैल. ग्लव्हजच्या आत हाताला गुंडाळायची कापडी पट्टी, म्हणजे बँडेज, त्या दिवशी धुवायला टाकलं होतं, म्हणून नुसत्या हातावरच चढवले. टांगलेल्या जड बॅगेवर उजवा हूक (हात वाकवून बाजूने मारायचा ठोसा) मारला आणि ग्लव्हच्या आतल्या आत मूठ फिरली. बॅगेवर आदळली ती करंगळीची बाजू. करंगळीच्या खाली, पंजात जे लांब हाड असतं त्याची मान मोडली. चार आठवडे प्लास्टर, पुढे दोन महिने मूठ नीट वळत नव्हती. आजही मी मूठ आवळली की वर तीनच उंचवटे दिसतात, चौथा बसलेला आहे. नव्या मुलांना मी ती मूठ दाखवतो आणि मग ग्लव्हजबद्दल बोलायला लागतो.

ग्लव्ह कुणाला वाचवतो

पंजात मनगटासह २७ हाडं आहेत, त्यातली बरीचशी बारीक. समोरच्याचं कपाळ मात्र शरीरातल्या सगळ्यात टणक भागांपैकी एक. उघड्या मुठीने लढायचे त्या काळात डोक्यावर जोरात मारणाऱ्याचा हातच आधी जायचा. १८६७ साली लंडनमध्ये बॉक्सिंगचे क्वीन्सबेरी नियम आले, त्यात ग्लव्हज आले आणि पुढे ते रूढ झाले. मारणाऱ्याची मूठ वाचली, समोरच्याच्या चेहऱ्यावरच्या जखमाही कमी झाल्या. पण डोक्याला बसणारा हिसका ग्लव्हने थांबत नाही. गादी ठोसा थोडा पसरवते आणि थोडा लांबवते, कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. म्हणून १६ औंस घातले की डोक्यावर पूर्ण ताकदीने मारायला हरकत नाही, हा समज मी माझ्या हॉलमध्ये चालू देत नाही. जाड ग्लव्ह घालून स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, करतानाही हात आवरूनच मारायचा.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल. बॅगेवरचा ग्लव्ह तुमच्या हातासाठी असतो. स्पारिंगचा ग्लव्ह तुमच्या हाताइतकाच समोरच्याच्या चेहऱ्यासाठी असतो.

कापलेला ग्लव्ह

गादी कशी असते हे सांगून कळत नाही, बघावं लागतं. मागे एकदा मी बाद झालेले दोन ग्लव्हज चाकूने मधोमध उभे कापले. पहिला स्वस्तातला, कुणीतरी भेट म्हणून आणलेला, सहा महिन्यांत बसलेला. वरचं रेक्झिन बाजूला केलं तर आत स्पंजचे रंगीबेरंगी तुकडे एकत्र दाबून केलेला एकच गठ्ठा होता. मुठीच्या उंचवट्यांसमोर तो बोटाच्या पेराएवढाही जाड राहिला नव्हता, सगळा माल मनगटाकडे सरकला होता. वजन काट्यावर बरोबर भरत होतं. फक्त ते वजन नको त्या जागी होतं.

दुसरा चामड्याचा, चांगला तीन वर्षं चाललेला. त्यात फोमचे तीन थर स्वच्छ वेगळे दिसत होते. हाताकडचा मऊ, मधला घट्ट आणि दाबायला जड, वरचा पुन्हा थोडा मऊ. मधला थर जोर झेलतो, आतला तो हाडांवर सारखा पसरवतो. मुठीच्या पुढच्या भागावर तिन्ही थर पूर्ण जाडीचे, बोटांच्या टोकाकडे आणि अंगठ्यावर पातळ होत गेलेले. हे दोन्ही अर्धे मी हॉलच्या खिडकीत ठेवले आहेत. मुलं येताजाता त्यावर बोट दाबून बघतात आणि मला वाटतं माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्यातून त्यांना जास्त कळतं.

बाजारात गादीचे मुख्य प्रकार तीन. थरांचा फोम, वर सांगितला तो. सरावाच्या चांगल्या ग्लव्हजमध्ये बहुतेक हाच असतो. जपानच्या विनिंग कंपनीचे ग्लव्हज मऊपणासाठी जगभर नावाजले जातात ते याच पद्धतीचे, आणि किंमतही तशीच. दुसरा साच्यात ओतलेला फोम: वळलेल्या मुठीच्या आकाराच्या साच्यात एकसंध गादी तयार होते. प्रत्येक नग सारखा निघतो, आकार टिकतो, पण एकदा का तो बसायला लागला की सगळाच बसतो. तिसरा घोड्याच्या केसांचा. मेक्सिकोच्या क्लेटो रेयेस कंपनीचे व्यावसायिक लढतींचे ग्लव्हज या घराण्यातले. केसांची गादी पातळ आणि आटोपशीर असते, ठोसा टणक लागतो, आणि मार खाऊन केस मुठीसमोरून बाजूला सरतात. शिकणाऱ्याने या ग्लव्हजच्या वाटेला जाऊ नये. ते लढतीसाठी आहेत आणि लढतीत एक जोडी एक रात्र चालली की पुरते.

एक औंस गादीची किंमत काय, हे बॉक्सिंगच्या जगाने १६ जून १९८३ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाहिलं. बिली कॉलिन्स ज्युनियर हा २१ वर्षांचा, एकही लढत न हरलेला मुलगा लुईस रेस्टोविरुद्ध दहा फेऱ्या लढला. चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला. शेवटची घंटा झाल्यावर त्याचे वडील रेस्टोशी हस्तांदोलन करायला गेले आणि त्याचा ग्लव्ह हातात येताच ओरडले, कारण त्यांच्या बोटांना गादी लागलीच नाही. चौकशीत निघालं की दोन्ही ग्लव्हजमधून सुमारे एकेक औंस गादी काढून घेतली होती. कॉलिन्सच्या डोळ्याच्या बुबुळाला इजा झाली, तो परत कधीच रिंगणात उतरला नाही आणि पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुईस यांना १९८६मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. तिथे मुद्दाम कट होता. पण गादी झिजून पातळ झालेला ग्लव्ह घालून आपण मित्राशी स्पारिंग करतो तेव्हा त्याच्या डोळ्याला फरक पडत नाही की ती कुणी काढली की आपोआप गेली.

कोणत्या कामाला किती औंस

बॅग आणि पॅड (प्रशिक्षक हातात धरतो ती गादी) मारण्यासाठी मोठ्या माणसाला १० किंवा १२ औंस पुरतात. हात हलका राहतो, वेग कळतो. वजन ७५ किलोच्या पुढे असेल किंवा हाताची हाडं दुखरी असतील तर बॅगेलाही १४ घ्या.

स्पारिंगला ६० किलोच्या आतल्यांनी १४ आणि त्यावरच्यांनी १६, ही बहुतेक हॉलमधली रीत आहे. आपल्यापेक्षा हलक्या जोडीदाराबरोबर उतरणार असाल तर आकडा वर न्या, खाली कधीच नको. शाळकरी मुलांचं स्पारिंग मी १२ औंसवर घेतो. अगदी लहानांना, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्यांना, स्पारिंगच देत नाही. त्यांना ६ किंवा ८ औंसचे ग्लव्हज आणि पॅड पुरे.

स्पर्धेचा हिशेब वेगळा. हौशी स्पर्धांत पुरुषांच्या हलक्या वजनगटांना १० औंस आणि जड गटांना १२, तर महिलांना सगळ्या गटांत १० औंस, अशी पद्धत रुळलेली आहे. ग्लव्हज आयोजक देतात, रिंगणातल्या तुमच्या कोपऱ्याच्या रंगाचे, लाल किंवा निळे. व्यावसायिक लढतींत १४७ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ६६.७ किलोपर्यंत, ८ औंस आणि त्यावर १० औंस. स्पर्धेतला ग्लव्ह आपल्या मापाचा मिळेलच असं नाही, म्हणून तिथे बँडेज नीट बांधता येणं दुप्पट महत्त्वाचं होतं.

पैसे एकाच जोडीपुरते असतील तर? हा प्रश्न आमच्याकडे दहातल्या आठ घरांचा आहे. तेव्हा सरावाची जोडी घ्या: ५५ किलोपर्यंत १२, ७०पर्यंत १४, पुढे १६. ती बॅगेला आणि पॅडला वापरा. स्पारिंगसाठी हॉलच्या जाड ग्लव्हजची एक जोडी वेगळी राखून ठेवायला प्रशिक्षकांना सांगा, जिला बॅग दाखवायचीच नाही. बॅगेवर दाबून टणक झालेला ग्लव्ह समोरच्याच्या तोंडावर नेणं मला पटत नाही, आणि हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

माप घेणं

शिंप्याकडची कापडी मोजपट्टी आणा. ज्या हाताने लिहिता तो हात मोकळा, बोटं सरळ ठेवून पसरा. अंगठा बाहेर ठेवून, बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांच्या जरा खालून पंजाभोवती पट्टी फिरवा. आवळू नका. मिळालेला घेर लिहून ठेवा. मग मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. बहुतेक कंपन्या आपल्या तक्त्यात घेर देतात. घेर साडेसहा-सात इंच म्हणजे लहान हात, आठच्या आसपास मध्यम, नऊच्या पुढे मोठा. दोन कंपन्यांचे तक्ते एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून जी घ्यायची तिचाच तक्ता बघा.

आता बँडेज बांधून तोच घेर पुन्हा मोजा. अर्धा इंच तरी वाढलेला दिसेल. ग्लव्ह या दुसऱ्या मापाला बसला पाहिजे. दुकानात नुसत्या हाताला "छान घट्ट" वाटलेला ग्लव्ह घरी बँडेजवर चढतच नाही, मग मूल बँडेज बांधणंच सोडून देतं, आणि तिथून पुढे काय होतं ते माझ्या मुठीवर दिसतं. म्हणून दुकानात जाताना रोजचं बँडेज खिशात घालून न्या. मोठ्यांचं साधारण साडेचार मीटर, म्हणजे १८० इंच. लहान हाताला १२० इंचांचं पुरतं. दुकानदार घाई करेल, करू दे. तिथेच बाकावर बसून पूर्ण बांधा: मनगटाला तीन-चार वेढे, उंचवट्यांवर तीन, बोटांच्या फटींतून एकेक, अंगठ्याला एक, आणि उरलेलं पुन्हा मनगटावर.

घालून बघणं

यासाठी वेळ काढा, लेखातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे.

हात आत घाला, पट्टा लावू नका. बोटं सरळ केली की त्यांची टोकं वरच्या शिवणीला जेमतेम टेकली पाहिजेत. नखं दाबली गेली तर ग्लव्ह लहान. टोकापुढे बोटभर पोकळी उरली तर मोठा. मग मूठ वळा. तळहातात आडवी एक गुंडाळी लागते, तिला बोटांनी धरायचं असतं. नवा ग्लव्ह मूठ वळायला थोडा विरोध करतो, ते चालतं, दोन-तीन आठवड्यांत सैलावतो. पण मूठ मिटलेली ठेवण्यासाठी कोपरापर्यंतचे स्नायू सतत ताणावे लागत असतील, तर तो ग्लव्ह तुमच्या हातासाठी नाही. थकल्यावर अशी मूठ उघडी पडते आणि उघड्या मुठीने मारलं की अंगठा आणि मनगट दोन्ही जातात.

आता दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बाहेरून गादी दाबत तुमचे उंचवटे शोधा. तर्जनी आणि मधल्या बोटाचे उंचवटे गादीच्या सगळ्यात जाड भागाखाली आले पाहिजेत, कारण ठोसा त्यांनीच बसायला हवा. ते जाड भागाच्या अलीकडे, मनगटाच्या बाजूला पडत असतील तर हात आत पुरता गेलेला नाही किंवा ग्लव्ह लांब आहे.

अंगठा बघा. आत त्याला नैसर्गिक वाकण हवी, टोकाला ताण नको. अंगठा बाकीच्या ग्लव्हला पट्टीने किंवा टाक्यांनी जोडलेला असला पाहिजे. सुटा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो किंवा स्वतःच मागे उलटतो.

पट्टा आवळा. दुसऱ्या हाताने ग्लव्ह धरून डावी-उजवीकडे पिळा. ग्लव्ह आणि हात एकत्र फिरले पाहिजेत. ग्लव्ह फिरला आणि हात जागीच राहिला तर तो काढून परत द्या, किंमत कितीही चांगली असू दे. माझं हाड ज्या क्षणी मोडलं तो हाच क्षण होता.

मग भिंतीला मूठ टेकवा, हात सरळ, आणि अंगाचा भार हळूहळू तिच्यावर द्या. दोन गोष्टींकडे लक्ष: उंचवट्यांना भिंतीचा टणकपणा जाणवतो का, आणि मनगट कोणत्याही बाजूला दुमडतं का. पहिलं जाणवलं तर गादी कमी आहे. दुसरं झालं तर मनगटावरचा भाग आखूड आहे किंवा पट्टा कामाचा नाही. मनगट सडपातळ असेल तर वेल्क्रोचा पट्टा लांब, पूर्ण वेढा घालणारा निवडा.

शेवटी ग्लव्हज हातात ठेवून पाच मिनिटं उभे राहा. हवेत ठोसे मारा. बोटांना मुंग्या आल्या तर घट्ट आहेत. बँडेज सैल बांधून त्यांना "बसवून" घेऊ नका.

मागच्या वर्षी आमच्याकडची एक मुलगी, ४८ किलो, पंजाचा घेर सव्वासहा इंच, तीन दुकानं फिरून आली. प्रत्येक ठिकाणी तिला पुरुषांच्या मापाचे १२ औंस दाखवले, फक्त गुलाबी रंगात. चौथ्या दुकानात दुकानदाराने वरच्या फळीवरून अरुंद पंजाचे ग्लव्हज काढले, काळे, साधे. दुसऱ्या दिवशी तिने बॅगेवर जॅब मारला तेव्हा आवाजच वेगळा आला. आधी फटफट यायचा, आता एक भरीव ठोका. त्या फरकासाठी चार दुकानं फिरावी लागली तरी फिरा. आणि मुलांसाठी घेताना वाढत्या अंगाचे कपडे घेतो तसा एक माप मोठा घेण्याचा मोह टाळा. गणवेशाची बाही दुमडता येते. ग्लव्हमध्ये उरलेली जागा दुमडता येत नाही.

दुकानातल्या दोन-चार खुणा

दोन्ही ग्लव्हज वेगवेगळे काट्यावर ठेवा. १२ औंसच्या ग्लव्हने ३४०च्या जवळपास भरलं पाहिजे. दोघांत ३०-४० ग्रॅमचा फरक निघाला तर बनवणाऱ्याने हात मारलाय. दुकानात काटा नसेल तर शेजारचा किराणावाला हौसेने मोजून देतो. उंचवट्यांच्या जागी अंगठा खोल दाबा: गादी दबली पाहिजे आणि अंगठा काढल्यावर सावकाश वर आली पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर घेऊ नका. आत हात घालून अस्तर चाचपा. ढिलं, सुरकुतलेलं अस्तर महिन्याभरात फाटतं आणि मग बोट दरवेळी अस्तराच्या मागे शिरतं.

नाडीचे ग्लव्हज मनगटाला वेल्क्रोपेक्षा चांगले बसतात, पण बांधायला दुसरा माणूस लागतो, म्हणून रोजच्या सरावाला वेल्क्रोच. फक्त स्पारिंगला वेल्क्रोच्या टोकावर चिकटपट्टी लावा, त्याची खरखरीत कड गालाला ओरखडते. चामडं की रेक्झिन? आठवड्यातून चारपाच दिवस येणार असाल तर चामडं, दोन दिवस असेल तर चांगलं रेक्झिन चालेल. मेरठ आणि जालंधरला क्रीडासाहित्याचे मोठे उद्योग आहेत, तिथले चामड्याचे साधे ग्लव्हज नवशिक्याला अनेकदा परदेशी नावापेक्षा जास्त न्याय देतात. पैसे नावावर घालवण्यापेक्षा शिवणीवर घालवा: अंगठ्याच्या मुळाशी आणि पट्टा जिथे जोडलाय तिथे टाके दुहेरी आहेत का, तेवढं बघा.

ऑनलाइन मागवायचे असतील तर बँडेज बांधलेला घेर विक्रेत्याला कळवा आणि परत घेतात की नाही हे आधी विचारा. घरी आल्यावर वरच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ, कोरड्या हाताने करा. घाम लागला की परत घेत नाहीत.

पावसाळा

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर ग्लव्हज वाळतच नाहीत. ग्लव्हला मारणाऱ्याइतकाच धोका बंद पिशवीचा असतो. घरी पोचलात की आधी ग्लव्हज बाहेर काढा, तोंड पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा. तासाभराने बोळे बदला, मग पंख्याखाली रात्रभर. उन्हात ठेवू नका, चामडं कडक होऊन चिरतं आणि फोम ठिसूळ होतो. धुलाईयंत्रात तर कधीच नाही. पांढरी बुरशी दिसली तर निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी अशा ओलसर, पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा वाळवा. वास घालवायला अत्तर, पावडर मारू नका. घाम आत तसाच राहतो आणि त्यावर सुगंधी चिखल होतो.

बँडेजचे दोन जोड ठेवा आणि रोज धुवा. घाम आधी बँडेजमध्ये जिरतो, म्हणून धुतलेलं बँडेज ग्लव्हचं आयुष्य वाढवतं. सामाईक ग्लव्हज वापरणाऱ्या मुलांच्या बोटांच्या फटीत खाज उठते, तिचं कारण बहुतेक वेळा न वाळलेलं अस्तर असतं. खाज असलेल्या मुलाला हॉलचे ग्लव्हज देऊ नका, बरं होईपर्यंत त्याला दोरी आणि पायांचं काम द्या.

कधी टाकायचे

आठवड्यातून चार दिवस बॅग मारणाऱ्याची चांगली जोडी माझ्या बघण्यात वर्ष-दीड वर्ष चालते. पण महिने मोजू नका, ग्लव्ह तपासा. दर पंधरा दिवसांनी उंचवट्यांच्या जागी अंगठा दाबायचा. स्वतःची हाडं बाहेरून बोटाला लागायला लागली, सरावानंतर दुसऱ्या दिवशी उंचवटे दुखू लागले, गादी एका बाजूला गोळा झाली, अंगठ्याची पट्टी तुटली किंवा पट्टा धरेनासा झाला, की ती जोडी संपली. यातली एक खूण पुरेशी आहे.

आणि संपलेली जोडी कुणाला देऊ नका. आपल्याकडे कितीतरी हॉलमध्ये जुने ग्लव्हज नव्या मुलांच्या वाट्याला येतात. ज्यांचं मनगट अजून तयार नाही, ज्यांना ठोसा सरळ बसवता येत नाही, ज्यांना सगळ्यात चांगली गादी हवी, त्यांनाच सगळ्यात वाईट मिळते. मीही तसेच घालून शिकलो. आता बाद झालेल्या प्रत्येक ग्लव्हचा पट्टा मी त्याच दिवशी कात्रीने मुळापासून कापतो, म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये कुणी मूल तो चढवून बॅगेसमोर उभं राहणार नाही.